जबाबदारीची वाटणी : किर्लोस्करवाडी, स्वतंत्रपूर आणि कुंडल



उद्योजकता, सहेतुक यश आणि अतिरेकाची मुळे असा त्रिदल विषय आपण मला नेमून दिलात, तेव्हा या तीन गोष्टींची मोट एका तासात कशी बांधावी हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. परंतु विचार करता करता माझी अशी खात्री झाली की हे तीन विषय नसून एकाच प्रश्नाची तीन अंगे आहेत, आणि तो प्रश्न असा की समाजामध्ये जबाबदारी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाला ती कधीच मिळत नाही. या प्रश्नाचा ऊहापोह मी सिद्धांताच्या अंगाने करणार नाही. आपल्याच मुलखात, पूर्वीच्या औंध संस्थानाच्या हद्दीत, अवघ्या चाळीस वर्षांच्या अवधीत जे घडले ते आपल्यापुढे मांडावे आणि त्यातून काय निघते ते पाहावे, एवढाच माझा संकल्प आहे. औंध हे संस्थान लहान, त्याचे महाल एकमेकांपासून तुटक, उत्पन्न बेताचे. पण किर्लोस्करवाडी, स्वतंत्रपूर आणि कुंडल ही तिन्ही नावे त्याच्याच दप्तरातली आहेत, हा योग विचारी माणसाला थांबवून धरणारा आहे.

आरंभ लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून करणे क्रमप्राप्त आहे. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्याच्या उत्कंठेने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, आणि काही रंग आपल्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत असे तिथे ध्यानात आल्यावर कुंचला खाली ठेवून यंत्रांच्या आरेखनाकडे वळला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी, बढतीच्या वेळी पदरी पडलेली उपेक्षा, तिचा त्याग, बेळगावात वडीलबंधू रामुअण्णांबरोबर चालवलेले सायकलचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर, हा सगळा प्रवास मराठी वाचकाला परिचित असल्यामुळे त्याचा विस्तार करीत नाही. मात्र त्यातील एका गोष्टीपाशी मला थोडे थांबावयाचे आहे. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपायला दोनएक वर्षे गेली. ज्याला केवळ पैसा मिळवावयाचा आहे असा मनुष्य एवढा काळ एका मालापाशी तग धरून राहत नाही. तो दुसरा माल शोधतो. लक्ष्मणराव राहिले, याचे कारण नांगर खपणे आणि नांगरट खोल होणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. सहेतुक यश असे ज्याला म्हणतात ते मला इथे दिसते. हेतू हा यशानंतर देणगीच्या रूपाने चिकटवण्याचा अलंकार नव्हे, तो मालाच्या घडणीतच असावा लागतो.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने वाढत्या वस्तीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा खाली करावयास लावली आणि चालता धंदा उघड्यावर आला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते आणि म्हणून कदाचित या दुसऱ्या, अर्ध्यावर राहिलेल्या चित्रकाराचे मन त्यांना कळले असेल, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांना दिले. साल १९१०. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि सापांचे वसतिस्थान. तिथे ओतशाळा उभी राहिली, घरे उठली, शाळा निघाली, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही शंकरराव किर्लोस्करांची मासिके वाढली आणि महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला विचार करण्याची सवय लावून गेली. यथावकाश वसाहतीप्रमाणेच स्टेशनालाही रेल्वेने किर्लोस्करवाडी हे नाव दिले.

परंतु या सर्व वैभवापेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती त्या वसाहतीतील माणसांची नेमणूक. शाळा अर्ध्यावर टाकलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंते ठरले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्यांची हजेरी लागत होती, गावाबाहेर जाण्यास परवाना लागत होता, आणि हा कलंक स्वातंत्र्यानंतरही १९५२ पर्यंत कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला नाही. सरकार ज्यांच्यावर रात्रंदिवस पाळत ठेवीत होते अशा वर्गातील माणसांच्या हाती एका खाजगी कारखानदाराने मालमत्ता सोपवून निर्धास्त झोप घ्यावी, ही भूतदया नव्हे. दया माणसाला घेणारा करून ठेवते. इथे त्या माणसाकडे काही मागितले गेले, त्याच्यावर विसंबून राहिले गेले, आणि तो विश्वासास पात्र ठरला.

याच तत्त्वाचा दुसरा आविष्कार त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली झाला. पोलंडात जन्मलेले आणि गांधीजींच्या सहवासात भारतानंद झालेले मॉरिस फ्रीडमन हे अभियंते राजपुत्र आप्पासाहेब पंतांचे स्नेही. बाळासाहेबांनी आपली सत्ता आपणहून प्रजेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले, त्यासाठी सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेण्यात आला आणि जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली घटना औंधात अमलात आली, त्यामागे फ्रीडमन यांचा मोठा हात होता. कैद्यांना भिंती, बेड्या आणि बंदूकधारी पहारा यांच्याशिवाय शेतीवर ठेवावे ही कल्पनाही त्यांचीच. त्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे जमीन कसू लागले, आणि ती खुली वसाहत आजही चालू आहे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे गदिमांनी, लिहिली ती याच प्रयोगावरून. आणि गदिमा हे स्वतः आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे, म्हणजे औंधचेच प्रजाजन. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, पण माणदेशातील ज्या माळरानावर तो प्रयोग प्रत्यक्ष घडला तिकडे आपल्यापैकी किती जण फिरकले असतील याची मला शंका आहे.

आता तिसरे गाव. किर्लोस्करवाडीला लागूनच कुंडल. बेचाळीसच्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले त्याचे कुंडल हे एक प्रमुख ठाणे होते, त्याच्या सशस्त्र दलाचे, तुफान सेनेचे, शिक्षण तिथे चालत असे, आणि मुलूख संस्थानी असल्यामुळे इंग्रजी पोलिसांना तिथे सहजासहजी हात घालता येत नसे. या लोकांनी रेल्वे लुटली, शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी गाडी अडवली, १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हस्तगत केला. गुंडांना आणि फितुरांना त्यांनी दिलेल्या शिक्षा कठोर होत्या आणि त्यांतील काहींचे समर्थन शांत चित्ताने करता येईल असे मला वाटत नाही. तरीही या तरुणांना मी अतिरेकी म्हणत नाही. का, ते सांगितले पाहिजे. ज्या हातांनी त्यांनी रूळ उखडले त्याच हातांनी त्यांनी न्यायदान मंडळे चालवली, जमिनीचे तंटे तोडले, कर्जबाजारी करणाऱ्या लग्नसमारंभांच्या जागी बिनखर्चाचे विवाह लावले, गावोगावी ग्रंथालये काढली, दारूबंदी केली. इंग्रज सरकारचा अंमल नाकारताना त्यांनी त्या अंमलाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, आणि तिचा जाब गाव त्यांना रोज चावडीपुढे विचारू शकत होते. केवळ नाश करू पाहणारा मनुष्य असा जाब देण्यास कधी उभा राहत नाही.

मित्रहो, इथवरची कथा अभिमानाची आहे. पुढची नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, आणि मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण आहे हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या टापूत जमाव ब्राह्मणांच्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. फेब्रुवारीच्या त्या पहिल्या दिवसांत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळपोळीत सापडला. ज्या कारखान्याने अस्पृश्यतेला आपल्या वसाहतीत थारा न देण्याचा यत्न केला, तुरुंगातून आलेल्यांच्या हाती किल्ल्या दिल्या आणि आसपासच्या शेतकऱ्याला खोल नांगरट शिकवली, तो कारखाना मालकाच्या आडनावावरून जाळण्यायोग्य ठरला. याच वावटळीवर गदिमांचे बंधू व्यंकटेश माडगूळकरांनी पुढे ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. एका भावाने स्वतंत्रपूरची कथा रचली, दुसऱ्याने त्याच मुलखातील आगीची. अशी विलक्षण वाटणी एका घरात झालेली मला दुसरीकडे ठाऊक नाही.

त्या आठवड्यात अतिरेकाची दोन रूपे समोरासमोर आली आणि दोन्हींची मुळे वेगवेगळी तपासली पाहिजेत. दारिद्र्य आणि अज्ञान हीच अतिरेकाची जननी होत, हे वाक्य आपण सभासंमेलनांतून इतके ऐकतो की ते पडताळून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. परंतु गांधीजींवर गोळी झाडणारा मनुष्य निरक्षर नव्हता आणि उपाशीही नव्हता. तो पुण्यात वर्तमानपत्र चालवीत होता, त्याच्या सहकाऱ्यांत सुशिक्षित, चांगल्या घरचे लोक होते. त्याचे दुखणे निराळे होते. राष्ट्राच्या वतीने निवाडा देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला, पण त्या निवाड्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागणार होते त्यांतील एकाचीही जबाबदारी त्याने कधी उचलली नव्हती. नोआखलीच्या चिखलातून अनवाणी हिंडणाऱ्या म्हाताऱ्याने जी उचलली होती ती याने केवळ लेखणीने तोलून पाहिली आणि कमी भरली म्हणून फेकून दिली. अधिकार हवा आणि भार नको, ही सुशिक्षितांच्या अतिरेकाची प्रकृती आहे, आणि ती कोणत्याही एका जातीची, पंथाची किंवा पक्षाची मिरास नाही.

जमावाचे दुखणे याच्या उलट. सबंध भार त्यांच्या पाठीवर आणि अधिकार शून्य. पिढ्यान्पिढ्या सारा भरायचा, सावकाराचे व्याज फेडायचे, कुळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसायची, कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचे आणि अंगठा उठवायचा. इथे मला सत्तर वर्षे मागे जाऊन १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले, पण त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. जिथे सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. बाहेरून आलेल्या मारवाडी व गुजर सावकारांवर राग विशेष होता, हे खरे आणि तेवढ्यापुरते ते अशुभचिन्हही खरे; तरीही शेतकऱ्याला काय जाळायचे आहे हे नेमके ठाऊक होते, आणि म्हणूनच सरकारला चौकशी आयोग नेमून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करता आला. जो कागद जाळतो त्याचे गाऱ्हाणे वाचता येते. जो आडनाव जाळतो त्याचे गाऱ्हाणे, ते कितीही जुने आणि कितीही खरे असले तरी, त्या आगीतच खाक होते. १९४८ मध्ये तसे झाले. ज्या कुलकर्ण्याने खोटे लिहिले तो आणि ज्या शाळामास्तराने आयुष्यभर बहुजनांची पोरे शिकवली तो, दोघेही एकाच ज्वाळेत सापडले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे गावकीतील अन्यायाची गोष्ट काढली की उत्तरादाखल जळालेल्या घराची गोष्ट निघू लागली. संवाद असा तुटला तो आजही पुरता सांधलेला नाही.

आता प्रश्न उरतो तो किर्लोस्करवाडीचा. एवढा सहेतुक उद्योग जळाला, म्हणजे हेतू व्यर्थ ठरला काय? मी तसे म्हणणार नाही, कारण कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आज तिथे पंप तयार होतात. परंतु एक अनुमान मांडतो. कुंपणाच्या आत लक्ष्मणरावांनी माणसाला जबाबदारी दिली. कुंपणाच्या बाहेरचा शेतकरी मात्र त्यांचा गिऱ्हाईक राहिला, भागीदार झाला नाही. तसा तो व्हावा यासाठी लागणारी सहकाराची यंत्रणा त्या काळी बाल्यावस्थेत होती, त्यामुळे हा लक्ष्मणरावांचा दोष म्हणता येत नाही. पण मर्यादा म्हणून तिची नोंद केली पाहिजे. प्रतिसरकारच्या तरुणांचीही तीच गत. १९४६ मध्ये ते सरकार विसर्जित झाले, स्वातंत्र्य आले, आणि ज्या हजारो पोरांनी चार वर्षे गावाचा कारभार पाहिला होता त्यांना नव्या राज्याने कोणता कारभार दिला? मामलेदार तोच राहिला आणि फौजदारही तोच राहिला. जबाबदारी चाखलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभे करणे किती धोक्याचे असते हे आपल्या राज्यकर्त्यांनी त्या वेळी ओळखले नाही.

सुदैवाने काहींनी आपली जबाबदारी स्वतःच शोधून काढली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारून १९५० च्या सुमारास गाळप सुरू केल्यावर जो मार्ग मोकळा झाला, त्या मार्गाने पुढे हे भूमिगतही आले. चिमठाण्याचा खजिना घेणाऱ्यांत जे होते त्या नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्याला हुतात्मा किसन अहिर साखर कारखाना काढला, जी. डी. बापू लाडांच्या प्रयत्नांनी कुंडललाच क्रांती कारखाना उभा राहिला. नाना पाटील स्वतः १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेत निवडून गेले. ज्यांच्या शिरावर सरकारी बक्षिसे लागली होती ती माणसे उताऱ्याची टक्केवारी, उसाचा दर, बॉयलरची दुरुस्ती आणि काट्याचा खरेपणा यांची काळजी वाहू लागली, आणि हा मला त्यांच्या लढ्यातील उतार वाटत नाही; तो लढा तिथे फळाला आला. बंदूक हाती घेण्यास लागते त्यापेक्षा अधिक धैर्य वर्षानुवर्षे सभासदांपुढे ताळेबंद मांडण्यास लागते.

परंतु आज या सभागृहात साखर कारखान्यांचे आजी-माजी संचालक आणि औद्योगिक वसाहतींतील तरुण कारखानदार मोठ्या संख्येने बसले असताना केवळ गौरव करून खाली बसणे मला प्रशस्त वाटत नाही. किर्लोस्करवाडीचे कुंपण आपण ओलांडले हे खरे, पण आपणही नवे कुंपण घातले. शेअर घेणारा ऊस उत्पादक त्या कुंपणाच्या आत आला. त्याचा ऊस तोडणारा बाहेर राहिला. बीड आणि शेजारच्या दुष्काळी जिल्ह्यांतून दर हंगामाला जोडपी येतात, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी कोयता चालवतात, कारखान्याच्या आवाराबाहेर पालांच्या खोपटांत राहतात, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, कारण व्यवहार मुकादमाशी असतो. औद्योगिक वसाहतींत हीच जागा कंत्राटी कामगाराने घेतली आहे. तो वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा असतो, पण ते यंत्र बिघडले तर त्याचे मत कोणी विचारीत नाही. या मुलांचे शिक्षण पूर्वीच्यांहून अधिक आहे, हातात मोबाईल आहे, आणि त्या मोबाईलमधून त्यांना रोज कोणीतरी सांगत असते की तुझ्या दैन्याचे कारण अमुक आडनावाची, अमुक धर्माची माणसे आहेत, आणि तू चालून गेलास तर इतिहास तुझी नोंद घेईल. त्या मुलाला अन्यत्र कुठेही, कोणीही, कशाचीही नोंद घेण्याइतके महत्त्व दिलेले नसते. चिथावणी देणारे मात्र सुशिक्षित असतात, सुरक्षित असतात आणि त्यांच्यावर त्या मुलाचा काहीच भार नसतो. १९४८ मधली ती दोन्ही दुखणी आज अशी एकमेकांच्या हाती हात देऊन उभी आहेत, आणि याची मला मनापासून भीती वाटते.

कायदा, पोलीस, शिक्षण यांचे काम ज्याचे त्याने करावे. उद्योजकाच्या हाती जे आहे तेवढेच मी मागतो आहे. तोडणी कामगाराचे नाव मुकादमाच्या वहीतून काढून कारखान्याच्या पटावर घ्या; उचलीचा हिशेब त्याच्या स्वतःच्या हाती, त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या; त्यांच्यातून निवडलेला एक प्रतिनिधी, आणि शक्य तर ती स्त्री असावी, तोडणी-वाहतुकीच्या निर्णयांत बसवा. वसाहतीतील कारखानदारांनी कंत्राटी मुलांपैकी दोघांच्या हाती एका शॉपची सुरक्षितता पूर्ण अधिकारासह देऊन पाहावी. संचालक मंडळांतील जे सद्गृहस्थ इथे आले आहेत त्यांनी तोडणी कामगाराचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि सभेत तो नामंजूर झाला तर कोणत्या कारणाने झाला ते इतिवृत्तात स्पष्ट लिहावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.